यंत्रेश्वराची खोळ

१४ जानेवारी १९५९, ब्राह्मणपुरी

स्वस्ति श्री. समस्तशास्त्रपराङ्मुख, व्याकरणवनवराह, नंदुरबारस्थ-माध्यमिकशालेय-भूतपूर्व-संस्कृताध्यापक, धुळेकारागृह-निवृत्तातिथी, दमाम्लपित्तोभयविभूषित, बाष्पभयकंपितगात्र, श्रीमन्मंत्रिवर्य-स्वीयसचिवपदारूढ, एकपत्नीव्रत (उपायांतराच्या अभावी) श्री. नीळकंठ वामन पुराणिक यांनी मकरसंक्रमणाच्या पुण्यपर्वावर, स्वहस्ते व सरकारी शाईने, प्रस्तुत दैनंदिनीचा शुभारंभ केला असे.

बिरुदावली संपली. आता खरे ते लिहितो. मला भय वाटते.

भय कागदावर उतरवले की निम्मे होते, असे सौभाग्यवतीचे मत आहे. माझे अक्षर पाहूनही ती असे म्हणते, यावरून तिच्या धैर्याची कल्पना यावी.

भयाचे कारण गावाबाहेर, तापीच्या वाटेवरील खळ्यात उभे आहे. ते बाष्पित्र आहे. लोक त्याला बॉयलर म्हणतात. दोन पुरुष उंच, वर्तुळाकार, सर्वांगी लोखंडी, उदरी अग्नी. कापूस वेचून झाला की शेतात ज्या पऱ्हाट्या उरतात, त्या याच्या पोटात जाळायच्या. पाण्याची वाफ करायची. वाफेने एंजिन फिरवायचे आणि एंजिनाने वीज काढायची. खळे श्री. सुकलालभाई पाटील यांचे. ते याच गावच्या गुजर शेतकऱ्याचे चिरंजीव आणि दिल्लीत यंत्रविद्या व नवसंशोधन खात्याचे उपमंत्री. बेचाळीस साली धुळ्याच्या तुरुंगात आम्ही एका कोठडीत होतो. मी त्यांना शब्दरूपे शिकवली. त्यांनी कोळशाने भिंतीवर एंजिन काढून मला ते समजावले. त्यांची शब्दरूपे कच्ची राहिली, माझे एंजिनही. पुढे ते लोकल बोर्डात गेले, तेथून दिल्लीत गेले, आणि शाळेतून मला उचलून सोबत घेऊन गेले. मी त्यांची भाषणे लिहितो. ते त्यांतील संस्कृत खोडून ती वाचतात. सध्या यंत्राची खबर कळवण्यासाठी मला त्यांनी येथे ठेवले आहे.

दिल्लीत प्रचंड धरणांची व प्रचंड कारखान्यांची स्वप्ने पाहणारे पुष्कळ आहेत. भाईंचे स्वप्न लहान आहे, म्हणून अधिक धोक्याचे. प्रत्येक गावाने स्वतःच्या शेतातल्या कचऱ्यातून स्वतःची वीज करावी, स्वतःचे यंत्र स्वतः उघडावे, स्वतः जोडावे. त्यांचे एक वाक्य मी कधीच सुधारत नाही: "यंत्र ज्याला उघडता येत नाही तो त्याचा मालक नसतो, पुजारी असतो."

पाच दिवसांनी अग्निप्रदीपन. अन्न गोड लागत नाही, तिळगूळही नाही.

१९ जानेवारी

जिवंत आहे.

यंत्राची देखभाल पौलस नावाच्या मिस्त्रीकडे आहे. खांडबाऱ्याकडचा ख्रिस्ती गृहस्थ, मिशनच्या कर्मशाळेत शिकलेला. मिशा भरदार आणि बोलणे मिशांहून भरदार. आपल्या हातचा जाळ म्हणजे आईच्या हातची भाकर, कुठे कच्ची नाही कुठे करपलेली नाही, असे तो स्वतःच सांगतो.

दुपारपर्यंत सर्व सुरळीत होते. मग बाष्पित्राच्या माथ्यावरील पितळी घुमटीतून जी किंकाळी निघाली तिचे वर्णन करण्यास संस्कृत अपुरे आहे. दोन बैल दावे तोडून उसात शिरले. मी गाडीखाली होतो. तेथे कसा गेलो ते आठवत नाही.

भाईंनी मला पायाला धरून बाहेर काढले. "मास्तर, ओरडणाऱ्याला भिऊ नये. पोटात वाफ जास्त झाली की त्या घुमटीतली झडप उघडते, ओरडते आणि जादा वाफ सोडून देते. ती ओरडते म्हणून आपण जिवंत आहोत."

मी निवेदन केले की यापूर्वी पन्नास वर्षे मी कोणी न ओरडताही जिवंत होतो.

२४ जानेवारी

किंकाळी आता रोजची झाली आहे. तिचा समय निश्चित नाही, आणि तेच दुःसह. मी वाक्याच्या मध्यभागी असतो आणि ती येते. लेखणी कागदात रुतते. वेळ ठरलेली असती तर आधीपासून कापत बसलो असतो.

भयावर हास्याचा उतारा असतो, असे ऐकून होतो. म्हणून आज सकाळी, आग पेटण्यापूर्वी, शिडीने बाष्पित्राच्या माथ्यालगतच्या चौथऱ्यावर चढलो. ती पितळी घुमटी जवळून पाहिली. वाटोळे मुंडके, भोवताली भोके, जणू सर्व दिशांना डोळे. मारुतीच्या पारावरून चिमूटभर शेंदूर आणला होता. तो तिला लावून तिचे 'यंत्रेश्वर' असे नामकरण केले आणि स्वरचित स्तोत्र खड्या आवाजात म्हटले:

नमो यंत्रेश्वरायास्तु पित्तलास्याय गर्जिने ।
मा स्फुट मा स्फुटेशान मयि तिष्ठति संनिधौ ॥

अर्थात, फुटू नकोस. निदान मी जवळ उभा असताना तरी नको.

खाली पऱ्हाट्या आणणाऱ्या बाया उभ्या होत्या. त्या हसतील अशी माझी अपेक्षा. कोणी हसले नाही. भाईंच्या मातोश्री तापीबाई सर्वांपुढे होत्या. त्यांनी पदर सावरला आणि हात जोडले.

विनोदाची याहून भयंकर गती नाही. श्रोत्यांनी तो मान्य केला.

२ फेब्रुवारी

यंत्रेश्वराचे संस्थान वाढत आहे. शिडीच्या पायथ्याशी वहाणा काढाव्या लागतात. लोखंडी पायऱ्या दुपारी तापतात आणि माझे तळवे अध्यापकाचे आहेत.

तापीबाई रोज पहाटे चढतात. सत्तरीच्या बाई, पण शिडीवर माझ्याहून स्थिर. प्रथम त्या तिळाचे तेल लावीत. ऊष्म्याने ते ओघळून जाई. तेव्हा पौलसने एंजिनाच्या कोठीतून जवसाचे तेल काढून दिले. तो म्हणाला, "आजी, यात शेंदूर कालवा. आम्ही पाइपाच्या सांध्यांना हाच लगदा भरतो. एकदा सुकला की दगड. वाफेचा बापसुद्धा बाहेर येत नाही."

धर्म आणि विज्ञान एका लगद्यावर एकमत झालेले पाहून मी धन्य झालो.

मी तापीबाईंना हळूच सुचवले की तो देव मीच केला आहे, तेव्हा फार मनावर घेऊ नये. त्यांनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की जणू मी शाळेत नापास झालो होतो.

"मास्तर, देव कोनी बी करू दे. मन्हा सुका दिल्लीले ऱ्हास. तठे त्यानी नजर काढाले कोन शे? मी आठे बसीसन काढस."

मीही वहाणा काढून नमस्कार केला. केवळ सावधगिरी म्हणून.

११ फेब्रुवारी

भाई दिल्लीहून आले. चेहरा उतरलेला. बैठकीत एका तज्ज्ञ महाशयांनी म्हटले म्हणे, की खेड्यात यंत्र पाठवा आणि महिन्याने जाऊन पाहा. ते बंद असेल आणि त्याला हळदकुंकू वाहिलेले असेल. सगळे हसले. भाई हसले नाहीत. ते म्हणाले, "या आणि पाहा. माझ्या निरक्षर आईच्या देखत ते यंत्र चालवून दाखवतो."

आता समिती येत आहे. अठरा मार्च, बुधवार. यंत्र पसंत पडले तर देशातल्या शंभर गावांना असेच यंत्र मिळेल. पडले नाही तर योजना बंद. आणि भाईंचे मंत्रिपद त्या योजनेच्याच खुंटीला टांगलेले आहे. "मास्तर, मी गेलो तर गेलो," ते म्हणाले. "पण गावांना परत वीस वर्षं कोणी विचारणार नाही."

मी मान डोलावली आणि यंत्रेश्वराविषयी एक अक्षर बोललो नाही. भाईंना दोन तासांनी परतायचे होते. ते चौथऱ्यावर चढले नाहीत. परमेश्वराने मला वाचवले. कोणत्या परमेश्वराने, हे विचारण्याचे धैर्य नाही.

१७ फेब्रुवारी

महदाश्चर्य. गेला आठवडा किंकाळी नाही.

प्रथम माझे लक्षच गेले नाही. आज जेवताना अकस्मात जाणवले. गावात चौकशी केली तर सर्वांना कारण ठाऊक. बायांच्या मते देव प्रसन्न झाला. आधी उपाशी होता म्हणून ओरडत होता. पौलसच्या मते त्याच्या हाताला आता जाळाचे माप बसले. कच्चा मिस्त्री असला की बॉयलर बोंबलतो. भाईंना तारेने कळवले, त्यांचे उत्तर आले: आराखडा उत्तम सिद्ध, अभिनंदन. अंतःकरणात मला वाटते की ते स्तोत्राचे फळ असावे; अनुष्टुभ बरा साधला होता.

तेव्हा सर्व संतुष्ट आहेत. मीही असायला हवा.

असे असता आज खळ्यात बसवेना. ओरडत होते तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते कळत तरी होते. आता ते नुसते उभे असते. आतून घरघर येते, आणि कधी कधी लोखंड कुठेतरी टक् असे वाजते. भुंकणाऱ्या कुत्र्याला मी भितो; पण दारात बसून नुसत्या टक लावून पाहणाऱ्या कुत्र्याला अधिक भितो.

२६ फेब्रुवारी

बाष्पित्राच्या पोटावर एक तबकडी आहे. तिच्यात काटा असतो. काटा तांबड्या रेघेपलीकडे गेला म्हणजे वाफ प्रमाणाबाहेर. आज सायंकाळी पाहिले, काटा रेघ ओलांडून पार पलीकडच्या खिळ्याला टेकलेला.

मी पौलसला बोलावले. म्हणजे दुरून हाक मारली. त्याने येऊन तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"काटा बिघडला," तो म्हणाला.

मी विचारले, कशावरून.

"साधं आहे मास्तर. वाफ खरंच इतकी असती तर शिट्टी वाजली असती. शिट्टी वाजत नाही, म्हणजे काटाच खोटा."

तर्क निर्दोष होता. न्यायशास्त्राच्या परीक्षेत मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मुंबईहून नवा काटा मागवला आहे. तो येईपर्यंत खोट्या काट्याकडे पाहायचे नाही, असे ठरले.

मी रोज पाहतो. पाय तिकडेच जातात.

५ मार्च

भाई आज तासाभरासाठी आले. आग विझलेली होती. ते खळ्यात शिरले, मान वर केली आणि थबकले. उन्हात यंत्राचा माथा डाळिंबासारखा लालबुंद चमकत होता. घुमटी आता दिसतच नाही. तिच्या जागी नारळाएवढा गुळगुळीत शेंदरी गोळा आहे. कोणी चांदीचे डोळेही बसवले आहेत.

"हे काय?"

मी सर्व सांगितले, स्तोत्र वगळून. ते आधी मोठ्याने हसले. मग हसू मावळले आणि ते बाजेवर बसले.

"तो दिल्लीचा माणूस हेच म्हणाला होता, मास्तर. महिन्याभरात पूजा चालू होईल म्हणून. मी त्याला सर्वांसमोर खोटं ठरवलं."

मग त्यांनी माथ्याकडे बोट केले.

"समिती येण्याआधी ते काढा. पण मायला दुखवू नका. ती तिच्या जिवासाठी करत नाही, माझ्या जिवासाठी करते. आणि बाहेर वाच्यता नको. तुमच्या पोटात एक श्लोक राहत नाही, गुपित कुठून राहणार?"

तापीबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. शेंदराची पुटे चढून दाट झाली की देव आपण होऊन खोळ टाकतो, ती नदीत सोडतात. हे मलाही ज्ञात आहे. त्यांनी तेच सांगितले.

"खोळ देव टाकस, मास्तर. मानूस नही ओढस. ओढी आनि मन्हा पोऱ्याले काही व्हयनं तं?"

मलाही नेमके हेच भय वाटत होते. म्हणून युक्तिवाद जमला नाही.

१० मार्च

तडजोड झाली. मी 'खोळविसर्जनविधी' नामक एक प्राचीन विधी कालच रचला. तापीबाईंनी मंगळवार, सतरा तारीख पक्की केली. समितीच्या आदल्या दिवशी. देवाला नारळ वाढवायचा, क्षमा मागायची, मग हळूहळू खोळ सोडवायची.

पौलस म्हणाला, "एवढं कशाला? कानस मारून पाच मिनिटांत खरवडतो. कोणाला कळणार नाही."

मी त्याला निक्षून मनाई केली. ख्रिस्ती मिस्त्रीने हिंदूंचा देव कानसीने सोलला, ही वार्ता तापीच्या दोन्ही तीरांवर पसरली, तर बाष्पित्राआधी गावच पेटेल. समिती आणि दंगा एकाच आठवड्यात! या कल्पनेनेच घाम फुटला.

तो खांदे उडवून म्हणाला, "बरं. मला काय, बॉयलर तर गाईसारखा गप्प आहे."

गाय रवंथ करते. हे करत नाही.

१७ मार्च

डाव्या हाताने लिहितो. उजवा केळीच्या पानात गुंडाळलेला आहे. अक्षर नेहमीपेक्षा बरे येत आहे.

भल्या सकाळी विधी व्हायचा होता. पण उद्याच्या तालमीसाठी पौलसने पहाटेच जाळ घातला, आणि मी पूजेचे ताट घेऊन खळ्यात पोहोचतो तो धुळ्याच्या वाटेने तीन जीपगाड्या. समिती एक दिवस आधी आली. अध्यक्ष म्हणाले म्हणे, की तयारी केलेले काही आम्हांला पाहायचे नाही.

भाई रात्रीच आले होते. ते पुढे झाले, पाहुण्यांना यंत्राच्या सावलीत खुर्च्यांवर बसवले. मांडव अर्धाच झाकलेला, सावली तेवढीच होती. तापीबाई नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत. मागे सारा गाव, पोरेबाळे खांद्यावर. पौलसने जाळ वाढवला. एंजिन फिरले, डायनॅमो गुणगुणला, आणि भर दुपारी मांडवातले दिवे लागले. टाळ्या झाल्या. भाईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

मी टाळी वाजवली नाही. माझे लक्ष काट्याकडे. तो खिळ्याला टेकून थरथरत होता. खोटा काटा थरथरतो कशाला?

अध्यक्षांनी काट्याविषयी विचारले. पौलसने मिशीवर हात फिरवून सांगितले, काटा बिघडलाय साहेब, पण यंत्र असे की महिनाभर शिट्टी वाजली नाही. अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. ते उठले आणि म्हणाले, वर चढून पाहू.

वर यंत्रेश्वर होता. चांदीच्या डोळ्यांसकट.

त्यानंतर मी जे केले ते शौर्य नव्हते. मला बाष्पित्राचे भय होते, देवाचे होते, तापीबाईंचे होते. पण अध्यक्ष तो देव पाहतील आणि भाईंकडे वळून हसतील, याचे भय त्या सर्वांहून मोठे निघाले. वहाणा काढल्या; त्याही वेळी काढल्या. ताटातला नारळ उचलला आणि अध्यक्षांना बाजूला सारून शिडीवर धावलो. लोखंड पायाखाली गुणगुणत होते, दात किटकिटावेत तसे. तळवे भाजत होते. वर पोहोचून खोळीला हात घातला. ती दगड झाली होती. ओढली, हलली नाही. क्षमाप्रार्थना आठवेना, स्तोत्राचे तेवढे 'मा स्फुट, मा स्फुट' तोंडातून निघत राहिले. खाली अध्यक्षांचा बूट पहिल्या पायरीवर वाजला.

मी नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि देवाच्या मस्तकावर घातला.

नारळ फुटला नाही. देव फुटला.

किंकाळी. महिन्याभराच्या सगळ्या किंकाळ्या साठवून ठेवल्यासारखी एकच. पांढरी वाफ माझ्या हातावरून गेली आणि मी पाठीमागे पऱ्हाट्यांच्या ढिगावर पडलो. मांडव उडाला. समिती उसात शिरली. अध्यक्ष राखेच्या खड्ड्यात कंबरेपर्यंत. पोरे रडत होती, बैल सुटले, आणि ते ओरडणे थांबेचना. माणसाचे जेवण होऊन हात धुवून व्हावेत, इतका वेळ.

थांबले तेव्हा पहिली दृष्टी मी काट्याकडे टाकली. तो खोटा काटादेखील भयाने मागे सरकला होता. तांबड्या रेघेच्या अलीकडे येऊन उभा होता. पौलस त्याच्यासमोर जमिनीवर बसला होता. मिशांखालचे तोंड पांढरेफटक. त्याने छातीवर क्रूस काढला, पुन्हा काढला.

मी देव फोडला, यंत्र बिघडवले, भाईंचा घात केला. एका फटक्यात, एका नारळात.

भाई मात्र अध्यक्षांकडे गेले नाहीत. ते ढिगाशी आले, माझा हात पाहिला, आणि शेजारी पडलेला खोळीचा मोठा तुकडा उचलला. उलटा करून पाहिला. आतून तो घुमटीच्या आकाराचा कोरीव साचा होता. जेथे जेथे भोक होते तेथे तेथे शेंदराची घट्ट खुंटी उभी. भाईंनी काट्याकडे पाहिले, मग खुर्च्यांच्या जागेकडे, मग नवे लुगडे नेसलेल्या आपल्या आईकडे. तो तुकडा त्यांनी हातरुमालात गुंडाळून खिशात घातला.

अध्यक्ष राखेतून वर आले होते आणि इंग्रजीत ओरडत होते, की हा काय प्रकार आहे, तो माणूस वर काय करत होता. भाईंनी सर्वांसमोर उत्तर दिले: आराखड्यात दोष आहे. दोष माझा. या गावाचा नाही.

का म्हणाले असतील? मला वाचवण्यासाठी. दुसरे कारण दिसत नाही.

३ एप्रिल

योजना बंद. भाईंनी राजीनामा दिला. वर्तमानपत्रात 'उपमंत्र्यांचा फुसका बार' असा मथळा आला. बॉयलरला सरकारी मोहोर लावून टाकली आहे.

आज तापीवर गेलो. भाईंनी रुमालातली खोळ आईच्या हाती दिली. तापीबाईंनी ती पाण्यात सोडली आणि मान खाली घालून विचारले, "सुका, देव कोपना का रे?"

"नही माय. तुन्हा देव बोलना, म्हनीसन वाचनूत."

देव बोलला म्हणून वाचलो, हे ऐकून म्हातारीचा चेहरा उजळला. आईची समजूत घालण्याची ही हातोटी मला कधी साधली नाही.

त्या पुढे गेल्यावर मी भाईंच्या पायांकडे वाकलो. त्यांनी मला मध्येच धरले. "मास्तर, तुम्ही भ्यालात, हे फार बरं केलंत."

हा उपहास मी शांतपणे गिळला. मला तो योग्यच आहे. त्यांना मी विचारले, की माझ्यासाठी आराखड्यावर दोष का घेतलात.

"खोटं नाही बोललो," ते म्हणाले. "ती झडप लोखंडी जाळीत, कुलपात बसवायला हवी होती, हात पोचू नये अशी. आपल्या गावात जे दिसतं त्याला देव होता येतं, हे मला माहीत असायला हवं होतं. मी इथलाच ना? पुढे कोणी करील त्याच्यासाठी लिहून पाठवलंय. वाचतील की नाही कोण जाणे." आणि ते शेताच्या वाटेला लागले.

पौलस खांडबाऱ्याला परत गेला. निघताना माझ्या पायांवर डोके ठेवले. एवढेच म्हणाला, की हन्ना, त्याची पत्नी, रोज प्रार्थनेत माझे नाव घेते. तिला कोणी तरी माझ्याविषयी चुकीचे सांगितलेले दिसते.

१९ एप्रिल

भाई सकाळपासून शेतात असतात. केळीच्या पाटाला ते काही दट्ट्या बसवू पाहत आहेत. मी लांबून पाहतो. त्यात आग नाही, याची खात्री दोनदा करून घेतली.

भय संपेल असे वाटले होते. संपले नाही, त्याने वस्ती बदलली. पूर्वी मोठा आवाज झाला की दचकत असे. आता गप्प वस्तूंपाशी थांबत नाही. गप्प कपाट, गप्प विहीर, चुलीवर ठेवलेले न बोलणारे पातेले. झाकण किंचित सरकवून ठेव, असे सौभाग्यवतीला सांगतो. ती म्हणते, दूध उतू जाईल. मी म्हणतो, जाऊ दे.

हाताची कातडी भरून आली. वहाणांचा प्रश्न मात्र प्रलंबित आहे. सतरा तारखेला शिडीपाशी काढलेल्या वहाणांपैकी उजवी उसात सापडली. डावी नाही. कोणा सदस्याच्या पायातून ती दिल्लीस गेली असावी, कारण खळ्यात अध्यक्षांचा डावा बूट मिळाला आहे. त्याविषयी दिल्लीच्या कार्यालयास दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. बूट घालून पाहिला. तो बोटांवर दाबतो. चैत्राचे ऊन तापलेले आहे, चांभार लग्नाला खापर गावी गेला आहे, आणि एकच डावी वहाण करून मिळेल काय असे विचारता त्याची बायको नुसती हसते.